बोकडाला सुरी, गाढवाला मान
(प्रस्तावना)

वेल आणि जनावर यांचं वैर फार जुनं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हर्जिल या रोमन कवीने शेतीवर ‘जॉर्जिक्स’ हे दीर्घकाव्य रचलं. त्याच्या दुसऱ्या भागात द्राक्षवेलीची निगा सांगता सांगता तो जनावरांवर येतो आणि त्याचा सूर चढतो. कडाक्याची थंडी किंवा तापलेलं ऊन वेलीचं करत नाही इतकं वाटोळं चरणारी तोंडं करतात, ही त्याची तक्रार. मद्याचा देव बॅकस, त्याच्या वेदीवर बोकड कापतात तो याच गुन्ह्यासाठी, असं तो सांगतो. बायबलच्या जुन्या करारात तर या भांडणावर कायदाच आहे. ज्याचं जनावर दुसऱ्याच्या शेतात किंवा द्राक्षमळ्यात शिरून चरलं, त्याने आपल्या शेतातलं, आपल्या मळ्यातलं उत्तमातलं उत्तम देऊन नुकसान भरून द्यावं. बांधावरून एकदा तरी भांडलेल्या माणसाला हा कायदा समजावून सांगावा लागणार नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट ग्रीसमध्ये सांगत असत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा एक प्रवासी ग्रीसभर हिंडला आणि पाहिलेलं-ऐकलेलं सगळं त्याने लिहून ठेवलं. नौप्लिया या बंदराच्या गावी त्याला खडकावर कोरलेलं एक गाढव दाखवण्यात आलं. त्या गाढवाने म्हणे वेलीचा शेंडा कुरतडला आणि पुढच्या हंगामात त्या वेलीला नेहमीपेक्षा जास्त द्राक्षं लागली. माणूस छाटणी शिकला तो गाढवाकडून, म्हणून त्याला हा मान.

दोन्ही गोष्टींत जनावराने केलं एकच: वेलीला तोंड लावलं. एकाला सुरी मिळाली, दुसऱ्याचं शिल्प झालं. वेल कोवळ्या फुटव्यांवर असताना तोंड लागलं तर वर्षाचं पीक जातं. ती झोपेत असताना लागलं तर काही बिघडत नाही, कधी कधी भलंच होतं. पण हे ‘कधी’ जनावराला कळत नाही. ते कळणारा माणूस त्याच्या मागे लागतो. या पुस्तकाचा विषय वरवर पाहता वायनरी आणि तिथली मोकळी चरणारी जनावरं असा असला, तरी माझ्या मते त्याचा खरा विषय हा मागचा माणूस आहे. वाचकाने पुढची पानं उलटताना त्याच्यावर नजर ठेवावी, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

आपल्याकडे वाइनचा विषय निघाला की बोलणं लगेच पिण्यावर जातं. राज्याचं २००१चं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण, विंचूर आणि पलूसची वाइन पार्कं, २०२२ साली सुपरमार्केटात वाइन विकण्यावरून उठलेलं वादळ, या सगळ्यांत चर्चा झाली ती बाटलीची, दुकानाची आणि करांची. वाइन ही आधी शेती आहे हे त्या गदारोळात मागेच राहिलं. ज्या कुटुंबांबद्दल इथे बोलायचं आहे, त्यांच्या घरात मात्र सकाळचा पहिला प्रश्न असतो तो आज कळप कोणत्या पट्ट्यात न्यायचा हा.

मळ्यातून जनावर गेलं कसं, हे आधी थोडक्यात पाहू. युरोपातलं जुनं शेतकरी घर एकाच पिकावर बसलेलं नसे. चढावर वेल, सपाटीला गहू आणि गवत, घरामागे गोठा. गोठ्यातलं शेण वेलीच्या बुडाशी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळं शोषणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे झोपवले. उपाय सापडला तो अमेरिकी खुंटावर युरोपी वेलीचं कलम करण्याचा. आपल्या बागा आज डॉगरिजसारख्या ज्या खुंटांवर उभ्या आहेत, त्यांचंही मूळ अमेरिकेतच. नव्याने लागवड करताना बर्गंडी, शँपेनसारख्या भागांत पूर्वीची दाटीवाटी जाऊन तारांवर चढवलेल्या सरळ ओळी आल्या आणि त्या ओळींमधून घोड्याचा नांगर चालू लागला. घोड्याचं हे राज्य जेमतेम दोन पिढ्या टिकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ओळीवरून चालणारा उंच ट्रॅक्टर, खताचं पोतं आणि तणनाशक असे तिघे मिळून आले. घोडा गेला तसा गोठाही गेला. तणनाशकाने ओळींमधलं गवत संपवल्यावर मेंढीने तिथे यायचा प्रश्नच उरला नाही.

परत येण्याची वाट कशी असते याचं चांगलं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पाप भागातला शातो द बोकास्तेल हा मळा १९०९ पासून पेरँ कुटुंबाकडे आहे. रासायनिक खतं-औषधं सोडण्याचा निर्णय त्या घराने फ्रान्समध्ये त्याची फॅशन येण्याच्या कितीतरी आधी घेतला. या कुटुंबाने आणि त्यांची वाइन अमेरिकेत आणणाऱ्या रॉबर्ट हास यांनी मिळून १९८९ साली पासो रोबल्स गावाच्या पश्चिमेला १२० एकर जमीन घेतली. जमीन निवडली ती चुनखडीसाठी. घरच्या मळ्याखाली आहे तशी माती त्यांना हवी होती. वेलीच्या काड्या फ्रान्सहून आणल्या, सरकारी विलगीकरणात तीन वर्षं थांबवल्या आणि मग वाढवल्या. मळ्याला नाव मिळालं तिथल्या ओढ्याचं, टॅबलास क्रीक. २००३ साली सेंद्रिय प्रमाणपत्र आलं. पुढे काही वर्षांनी थोड्या मेंढ्या आल्या आणि कळप वाढत दोनशेच्या वर गेला. हास २०१८ साली वारले. आता त्यांचा मुलगा कारभार पाहतो.

हा कळप काम कसा करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. तिथला पाऊस हिवाळ्याचा. द्राक्षं उतरून झाली, पानं झडली की नोव्हेंबरपासून वेल म्हणजे नुसतं खोड आणि काड्या. ओळींमधल्या पट्ट्यात ओट, वाटाण्याच्या जातीची कडधान्यं, क्लोव्हर असं आच्छादन पीक पेरलेलं असतं. आपण ताग-धैंचा पेरतो त्याच विचाराने. हे पीक गुडघ्याला लागलं की हलक्या खुंट्यांची, सौरऊर्जेवर चालणारी विजेची जाळी मळ्याच्या एका तुकड्याभोवती उभी करतात आणि मेंढ्या आत सोडतात. त्या वरचा कोवळा पाला आधी घेतात, मग खाली जातात. लेंडी पडते, मूत मुरतं, खुरांखाली देठ मोडून मातीला लागतात. गवत पार बुडापर्यंत जायच्या आत, म्हणजे एक-दोन दिवसांतच, जाळी उचलून पुढच्या तुकड्यात. सगळं कसब या उचलण्यात आहे. एक दिवस उशीर झाला तर मेंढ्या मुळाशी भिडतात आणि ओली माती खुरांनी दडपून घट्ट होते. एक दिवस घाई झाली तर त्या आवडीचं तेवढं खाऊन बाकीचं तसंच ठेवतात. मार्चअखेर वेलीचे डोळे फुगायला लागले की कळप मळ्याबाहेर. हिरवा डोळा दिसला तर मेंढी मागच्या दोन पायांवर उभी राहून तो खुडते, आणि एक डोळा गेला की त्यावरचे घडही गेले.

हे वेळापत्रक कायद्यातही बसतं. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांनुसार, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागत नाही त्याच्या काढणीआधी ९० दिवस आणि ज्याचा लागतो त्याच्या काढणीआधी १२० दिवस शेतात कच्चं शेणखत पडता कामा नये. मार्चमध्ये बाहेर पडलेला कळप आणि ऑगस्टनंतरची काढणी यांत हे अंतर सहज राहतं. उन्हाळ्यात मेंढ्या मळ्याभोवतीच्या पडीक उतारावर वाळलेलं गवत खातात. वणव्यांच्या त्या प्रदेशात हे कामही लाखमोलाचं.

जनावर बदललं की वेळापत्रक बदलतं. दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉशजवळच्या व्हरखेनुख्ट मळ्यात मेंढ्यांऐवजी बदकं राबतात. इंडियन रनर जातीची, मान ताठ ठेवून धावत सुटणारी हजारावर बदकं रोज मळ्यात सोडतात. तिथला शत्रू गोगलगाय. ती खोडावर चढून कोवळे डोळे खाते आणि बदकाला गोगलगाय म्हणजे मेजवानी. म्हणजे मेंढीला ज्या दिवसांत बाहेर काढायचं, नेमकं त्याच दिवसांत बदकाला आत घ्यायचं. न्यूझीलंडमध्ये काही मळ्यांत मेंढ्या भर हंगामातही सोडतात, पण मणी वाटाण्याएवढे, हिरवे आणि आंबट असतात तेवढ्याच दिवसांत. त्या वेळी मेंढी मण्याला तोंड लावत नाही, घडाभोवतीची पानं मात्र खाते आणि घडाला हवा-ऊन मिळतं. विरळणीला लागणारी मजुरी वाचते. मण्यांत साखर भरू लागली की एक दिवसही थांबायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या अँडरसन खोऱ्यात १९७४ साली सुरू झालेल्या नवारो या घरच्या वायनरीच्या पुढच्या पिढीने शेळ्या-मेंढ्यांचं दूध काढून चीज करायला घेतलं. तिथे दोन वेळची धार हे तिसरंच घड्याळ.

जनावर आणि वेल यांच्यामध्ये हंगामाखेरीज आणखी एक गोष्ट उभी असते: तांबं. आपल्या बागायतदाराला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण नवं नाही. त्याचा जन्म गमतीचा आहे. फ्रान्समधल्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना फासत, कारण निळसर पांढरी पुटं चढलेली द्राक्षं येणारे-जाणारे तोडत नसत. बोर्डोचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांच्या लक्षात आलं की बाकीचा मळा डाउनीने, म्हणजे केवड्याने झडला, तरी या वेली हिरव्याच आहेत. १८८५ साली त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला आणि चोरांसाठी केलेलं औषध जगभर बुरशीवर चालू लागलं. सेंद्रिय मळ्यातसुद्धा ते चालतं. अडचण मेंढीची आहे. गाय-म्हैस जेवढं तांबं पचवते त्याच्या कितीतरी कमी मेंढीला सोसतं. तिचं यकृत तांबं साठवत जातं, आठवडे, महिने. बाहेरून काही दिसत नाही. मग लांबची चाल, थंडी किंवा उपासमार असा ताण पडला की साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं, तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते, डोळे पिवळे पडतात. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून वर्षानुवर्षं मोरचूद मारलेल्या मळ्यात मेंढी सोडण्याआधी माती आणि गवत तपासावं लागतं. पानांवर पडलेलं तांबं पावसाने धुऊन जमिनीतच जातं. युरोपीय महासंघाने हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलो अशी तांब्याला मर्यादा घातली आहे, ती मातीतल्या या साठ्यामुळेच. ‘सेंद्रिय आहे, म्हणजे निर्धोक’ असं मानणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा.

आता मागच्या माणसाकडे येऊ. जाळी कधी उचलायची, कोणती मेंढी मागे पडते आहे, कुठे मोरचुदाचा हात जास्त पडला आहे, विणीला आलेली मेंढी रात्री कुठे बांधायची, हे ठरवणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो. ट्रॅक्टरच्या फेऱ्या कमी होतात, डिझेल आणि विकतचं खत वाचतं हे खरं; पण जाळी, पाणी, राखणीचे कुत्रे आणि वर्षभराचा मेंढपाळ यांचा खर्च समोर मांडला तर पहिल्या काही वर्षांत शिल्लक फारशी उरत नाही. मातीचा कस हळूहळू सुधारतो आणि त्याचा भाव बाजारात लगेच मिळत नाही. ज्यांना स्वतःचा कळप परवडत नाही ते मळेवाले हिवाळ्यापुरता कळप भाड्याने बोलावतात, आणि अमेरिकेच्या पश्चिमेतल्या अशा कळपांमागे पुष्कळदा पेरूहून हंगामी परवान्यावर आलेले मेंढपाळ असतात. त्यांच्या मजुरीवरून आणि राहण्याच्या सोयीवरून तिथे बरीच वर्षं वाद चालू आहेत. टॅबलास क्रीकला २०२० साली ‘रिजनरेटिव्ह ऑरगॅनिक’ हे प्रमाणपत्र मिळालं. जगातल्या द्राक्षमळ्यांत पहिलं. त्याच्या अटी तीन: मातीचं आरोग्य, जनावरांची नीट वागणूक आणि राबणाऱ्या माणसांना न्याय. लोकांचं लक्ष पहिल्या दोन अटींकडे जातं. ही शेती टिकते की नाही हे तिसरी ठरवते.

इथे मराठी वाचकाला काहीतरी ओळखीचं लागेल. भाड्याने बोलावलेला कळप, रात्रीपुरती जाळी, सकाळी पुढचं शेत: ही आपल्याकडची शेतात मेंढ्या बसवण्याची रीतच की! धनगरांचा वाडा, म्हणजे फिरता तळ, येतो, घोड्यावरून बिऱ्हाड उतरतं, वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लागते आणि दख्खनी मेंढ्यांचा कळप रात्रभर त्या तुकड्यात बसतो. सकाळी जमिनीवर लेंडीचा थर असतो आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देतो किंवा पैसे मोजतो. पुणे-साताऱ्याकडचे कित्येक वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, भातखाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाआधी परत वर येतात. विजेची जाळी नसेल, पण तुकडा ठरवणं, वेळेवर उचलणं, लांडग्या-बिबट्यापासून राखणं, हे सगळं ज्ञान या वाटेवर पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या मळेवाल्याला जो माणूस शोधून, परवाना काढून, पगार देऊन आणावा लागतो, तो आपल्या बांधावरून दर वर्षी जातो. आणि दर वर्षी त्याला उतरायला जागा कमी मिळते, कारण रासायनिक खत आलं, पाणी आलं, एकामागून एक पिकं आली आणि मोकळं रान उरलं नाही.

मग नाशिक-सांगलीच्या बागांत हे का होऊ नये? होऊ शकतं, पण जसंच्या तसं नाही. आपली वेल झोपत नाही. कॅलिफोर्नियात थंडी वेलीला चार महिने निजवते. आपल्याकडे तिला पानझड नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटून हंगाम हाताने घडवावा लागतो. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत मेंढीला आत जागा नाही. खरड छाटणीनंतर पावसाळ्यात ओळींत गवत माजतं, पण पाऊस म्हणजे डाउनी आणि डाउनी म्हणजे फवारणी. मोकळा काळ सापडतो तो काढणी संपल्यापासून खरड छाटणीपर्यंतचा, विश्रांतीचा. त्या दिवसांत जुनी पानं मेंढीने खाल्ली तरी नुकसान नाही. ती छाटून टाकायचीच असतात. मांडवावरची बाग असेल तर वरचा ओलांडा मेंढीच्या तोंडाला लागतही नाही. पण नेमक्या त्याच दिवसांत कित्येक वाडे कोकणात असतात, आणि शेवटची फवारणी कशाची नि कधीची, हे मेंढपाळाला कुणी सांगत नाही. निर्यातीच्या बागेत फवारणीची नोंदवही असते ती तपासणीसाठी; ती वाघर लावण्याआधी मेंढपाळाला वाचून दाखवायची, असा विचार अजून आपल्याकडे रुजलेला नाही.

आणखी एक गोष्ट लेबलावरच्या चित्रांत कधीच येत नाही. मोकळी चरणारी मेंढी शेवटी खाटकाकडे जाते. कळप दर वर्षी वाढतो आणि मळ्याला पोसता येईल एवढीच जनावरं ठेवावी लागतात. म्हणून अशा मळ्यांवर कोकरांचं मांस हा उत्पन्नाचा एक भाग असतो. ज्याला हे नको असेल त्याने कळप वाढू न देण्याची दुसरी सोय करावी आणि तिचा खर्च सोसावा. उघड्यावर चरलेलं, धावलेलं, सावलीत बसलेलं जनावर कोंडवाड्यातल्यापेक्षा चांगलं जगलं, एवढं म्हणता येतं. त्याहून जास्त पुण्य आपल्या पदरात पाडून घेऊ नये.

हे पुस्तक वाचून कुणाला उद्याच चार मेंढ्या आणाव्याशा वाटल्या तर नवल नाही. माझा सल्ला एवढाच, की आधी मेंढी आणू नका, मेंढक्याला घरी बोलवा. तुमची छाटणी-फवारणी आणि त्याची वाट, दोन्ही वेळापत्रकं एका कागदावर मांडा. वर्षातले कोणते पंधरा दिवस दोघांनाही सोयीचे आहेत ते शोधा; तसे दिवस निघाले नाहीत तर त्याला त्या काळात वर थांबणं परवडेल असा मोबदला ठरवा. विषबाधेने मेंढी दगावली तर भरपाई कोणी द्यायची, हे आधी लिहून ठेवा. मातीची तांब्यासाठी तपासणी करून घ्या. हा सगळा खर्च द्राक्षाच्या नाहीतर बाटलीच्या भावात धरा, आणि भाव तेवढा मिळणार नसेल तर यंदा ताग पेरून मोकळे व्हा. पुढच्या पानांतल्या ज्या कुटुंबांनी हे जमवलं, त्यांनी बहुतेक याच क्रमाने जमवलं आहे.